कारण लिहा, पाचशे शब्दांत

डिचोलीच्या बसस्टँडमागे माझं दुकान.
झेरॉक्स, लॅमिनेशन, टायपिंग,
आणि काजूच्या हंगामात
परदेशी विद्यापीठांचे अर्ज.

अर्जाच्या शेवटी एक चौकट असते:
इथेच का शिकायचंय?
तिथवर भराभर आलेली मुलं तिथे थांबतात
आणि माझ्याकडे बघतात,
जणू मीच त्यांना पाठवतेय.

रोशेल फुर्तादो म्हणाली, ब्रागाला जायचंय.
आजोबा ज्या भाषेत कुत्र्याला शिव्या घालायचे
ती व्याकरणासकट शिकायचीय.
हेच लिहू?
नको, वारसा लिहा.
मी वारसा लिहिलं.

दीपराज मळीकच्या वाड्यावर
फुटबॉलला आता अकरा जण जमत नाहीत.
कोण लिमरिकला, कोण बोटीवर.
उरलेल्या दोघांनी
एकमेकांना पेनल्टी मारायच्या तरी किती?
त्याच्या चौकटीत मी टाकलं: जागतिक संधी.

सुलक्षा पर्येकर मात्र
खुर्ची ओढून बसलीच.
ताळगावच्या पठारावरून भूजलात एमएस्सी,
बापाचा टिप्पर खाण बंद झाल्यापासून परसात उभा,
ड्रायव्हरच्या सीटवर कोंबडी अंडी उबवते.
काजूची बाग बँकेकडे गहाण टाकून झाली होती.
फक्त कारण तेवढं राहिलं होतं.

म्हटलं, खाणीच्या खड्ड्यातलं ते हिरवं पाणी लिही,
लहानपणापासून बघतेयस.
तेही आहे, म्हणाली.
मग पंख्याकडे बघत, हळू:
ताई, मला एकदा हॉटेलात एकटीनं जेवायचंय.
इथे भाजीपाव मागवला तरी
चहा येण्याआधी घरी फोन जातो.

हसले मी. मग हसू राहिलं तसंच तोंडावर.
बेचाळीस वर्षांत मी तरी
कधी बसले होते त्या टेबलाशी?

तिला घाई होती, लाईट जायची भीती होती.
मी दोन हजार सोळाच्या एका पोराचा परिच्छेद उचलला,
नाव बदललं, नदीचं नाव बदललं,
बारा रुपये घेतले.

नोव्हेंबरात मेसेज आला, डंडीहून.
ताई, ते पान आहे का अजून?
इथे सगळे विचारतात, का आलीस.
मी काय लिहिलं होतं, आठवतच नाही.

फाईल सापडली. वाचली.
एका जागी 'तो' राहून गेला होता,
'ती' करायचा.
तो तसाच तिच्याआधी जाऊन पोचला होता तिथे.

कसं पाठवणार?

शटर अर्धं ओढून पर्येकरांकडे गेले.
आई माटोळीच्या सुपाऱ्या सोलत होती, वाळलेल्या.
टिप्परचा दरवाजा उघडून फोटो काढला
आणि खाली लिहिलं:
यंदा सात. बाप म्हणतो, एक तुझ्या नावाचं.
जेवलीस का?

बऱ्याच वेळानं उत्तर आलं.
हो. खिडकीजवळ.