खण

बाबालाल शिकलगारनं चहा बशीत ओतला
आणि म्हणाला, मशीनचं राहू दे महिपती,
गाव कसं हुतं ते सांग.

उद्यमनगरात संध्याकाळी लेथ थांबतात
तेव्हा कानात एक भोक पडतं.
त्या भोकात मी बोलायला लागलो.

आठ दिवस कंपनीत. मोल्डिंगची लाइन, तिच्या कळा, तिचं तेल.
रविवारी ओटमार साहेबानं गाडीत घातलं
आणि पाचशे वर्षं मागं नेऊन सोडलं.

घरं अशी, बाबालाल,
की हाडं बाहेर आणि मांस आत.
उभे खांब, आडव्या तुळया, तिरके टेकू,
काळंभोर लाकूड सगळं भिंतीच्या अंगावर,
मधल्या चौकटीत काड्या, चिखल, वर चुन्याचा हात.

आणि मी?
सागवानाचा पंप करतो, सागवानाची पुली करतो,
वाळूत दाबायची, अलगद उचलायची,
तिच्या जाग्यावर लोखंड ओतायचं.
गिऱ्हाईक लोखंड घेऊन जातं.
लाकूड माळ्यावर, उंदरांच्या सोबतीला.
तिथं मात्र ते भर पेठेत उभं होतं,
छाती काढून.

साहेब म्हणाला, दोन लाकडांमधल्या त्या चौकटीला
आमच्यात शब्द आहे, फाख.
म्हटलं, आमच्यात खण.
चुलत्यानं वाटणीत पाच मागितले, तीन मिळाले,
मरेपर्यंत बोलला नाही वडिलांशी.
टेबलाचाही खण, चोळीचाही खण,
हे मात्र माझ्या इंग्रजीत बसलं नाही.

एक घर शेजाऱ्याच्या खांद्यावर मान टाकून झोपलेलं.
ओलाच ओक वापरायचे म्हणे,
भिंतीत उभा राहून वाळायचा, आकसायचा.
मी खिशातली आकसपट्टी काढली.
तुला ठाऊक आहे, तिच्यावरचा फूट
खऱ्या फुटापेक्षा कणभर मोठा,
निवताना लोखंड शंभराला एक आकसतं म्हणून.
ती पट्टी त्या खांबाला लावली.
कशासाठी, ते मलाही सांगता येणार नाही.

त्याच खांबावर, कोपराच्या उंचीला,
छिन्नीचे चार घाव.
सुतारानं सांगाडा आधी जमिनीवर जुळवायचा,
खुणा करायच्या, सोडवायचा, मग उभा करायचा.
चार घाव म्हणजे चौथा.
तिसरा घाव जरा घसरलेला.
धार गेली असेल, नाहीतर भूक लागली असेल.
मी त्या घावात अंगठ्याचं नख घातलं.
बसलं.

बाबालालनं बशी खाली ठेवली.
ते सगळं खरं. पण आत माणसं राहत्यात का?

राहतात की.
वरच्या खिडकीत एक बाई उशी झटकत होती.
खाली मी, खांबाला नख लावून, पट्टी हातात.
तिनं बघितलं. खिडकी लावून घेतली.
कडी बसल्याचा आवाज खालपर्यंत आला.

बाबालाल हसला, हत् तुझ्या,
आपल्या शनिवार पेठेत असतास
तर वरनंच वराडली असती :
कुणाकडं आलायसा?

भट्टीच्या बाजूला कोणीतरी घमेलं आपटलं.
मी उत्तर जुळवत होतो, अजून जुळवतोय.
लाकडाकडं, बाई.
लाकडाकडं आलो होतो.