पाचव्या दिवसाचं पाणी

साखर पेठेत नळाला आधी आवाज येतो,
पाणी नंतर.
पाइपात कुणी घसा खाकरावा तसा.
तो ऐकला की मी अजून दचकते.

माझा चिन्नाना, बापाचा धाकटा भाऊ, इरय्या,
मागावर बसायचा, चादरीत मोर उतरवायचा.
त्याला चावलं ते पिल्लू होतं.
एवढंसं. थंडीचं त्यानंच गोणपाटात घेतलेलं.
दातसुद्धा धड लागला नाही, सगळे म्हणाले.
मिरचीपूड भरली, वर चुना.
विजापूर वेशीपलीकडच्या कुणा बाबानं दोरा बांधला,
सव्वा रुपया घेतला,
आणि विहिरीत वाकून बघायला लावलं:
तुझंच तोंड दिसलं तर भ्यायचं कारण नाही.
त्याचंच दिसलं.
हसत घरी आला.

बेचाळीस दिवस मोर नीट उतरले.
त्रेचाळिसाव्या सकाळी चहाची बशी तोंडाशी नेली
आणि बशी भिंतीवर गेली.

रंगाच्या खोलीत ठेवलं, बाहेरून कडी.
आम्हा पोरांना मोरीकडे जायची बंदी,
तांब्याभर ओतलं तरी आत त्याला कळायचं.
"नीळ्ळु," म्हणायचा, "नीळ्ळु."
आमच्या तेलुगूत पाणी.
मागतोय की हाकलतोय
हे शेवटपर्यंत कळलं नाही.

आईनं त्याचा पितळी गलास पुरला.
मी त्याच्या ताटातलं खाल्लेलं,
म्हणून मला सिव्हिलात नेलं.
चौदा. बेंबीभोवती.
नवव्या दिवशी मी गिरणीच्या फाटकापर्यंत पळाले,
बापानं उचलून परत त्याच बाकावर झोपवलं.
रांगेत रोगाचं नाव कुणी घेत नव्हतं.
"कशाला आलाय?"
"त्यालाच."

गेल्या महिन्यात खालच्या भाडेकरणीचा श्रीशैल
पायरीवर पाय दुमडून बसलेला.
आई गारमेंटात, शाळेचे गणवेश शिवते, आठपर्यंत.
"काय झालं बे?"
"काही नाही मावशी, पडलो."
पडल्यावर पोटरीला चार दात उमटत नाहीत.
मोबाइलवर त्यानं एक माणूस भुंकताना बघितला होता,
आणि कुणीतरी सांगितलं होतं, पोटात चौदा.
माझीच चौदा,
पेठेतून पन्नास वर्षं फिरत फिरत
त्याच्या पायरीपर्यंत आलेली.

साबण लावून पंधरा मिनिटं, वाहत्या पाण्याखाली.
दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलंय.
वाहत्या.
लिहिणारा सोलापूरचा नसणार.
नळाला अजून दोन दिवस होते.

मी पिण्याचं पिंप उघडलं.
तांब्या. तांब्या. तांब्या.
वरून राजव्वा ओरडली, "अगं, प्यायचंय ते!"
सहाव्या मिनिटाला हात भरून आला.
नवव्याला रडू फुटलं, मला. पोरगं गप्प.
मोरी खळखळत होती, साऱ्या घराला ऐकू जाईल अशी,
आणि मी ती तशीच खळखळू दिली.

दवाखान्यातली नर्स हसली,
"दंडावर देतात मावशी. चौदा कवाच गेली."
मग बाहेरच्या रांगेत तोंड घालून मोठ्यानं,
"रेबीजची आणखी कोण हाय?"
सात हात वर.
असं भाजीवालीनं विचारावं तसं ते नाव
मी पहिल्यांदा ऐकलं.

गल्ली म्हणते, गाडी बोलवा, सगळी उचला.
एकजण विषाचंही बोलून गेला, हळूच.
त्या कुत्रीच्या कानाला खाच नाही, एवढं मी बघून ठेवलंय,
महापालिकेत दोनदा सांगून आले.
तिसऱ्यांदा जाईन.
चिन्नानाचं गोणपाट आठवतं,
म्हणून विषाला हो म्हणवत नाही,
आणि तिच्या जवळूनही जाववत नाही.

श्रीशैलच्या पाचही सुया झाल्या.
कार्ड फ्रिजला चिकटवलंय, तारखांवर टिकमार्क.
तरी रोज संध्याकाळी मी गलास भरून हाक मारते.
"तहान नाही, मावशी."
"पी."
त्याच्या घशाची घाटी वर जाते,
खाली येते.
आज एकोणचाळीस.