बाहेरचे दोघे

गोजे बेटावरच्या गोदीत, सकाळी सात पन्नासला
ग्वाक चिल-बोक सूट चढवतो.
चढवतो म्हणजे आधी त्याच्यात पाठमोरा शिरतो,
मग कमरेचा पट्टा, मांड्यांचे पट्टे, छातीवरची कडी.
बटण दाबलं की शिंक दाबल्यासारखा आवाज होतो
आणि बावीस किलोंची वेल्डिंगची पेटी
त्याच्या हातात उशी होते.

वय एकोणसाठ. दोन्ही खांदे कामातून गेलेले.
कंपनीनं व्हिडिओ काढला तेव्हा
त्याला हसायला सांगितलं होतं. तो हसला नाही.
सूटनंच हात जरा वर केला, तेवढं पुरलं.

जहाजाच्या पोटापर्यंत दोघं मिळून येतात.
तिथं भोक आहे.
साठ सेंटिमीटर बाय चाळीस, लांबट,
येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पाठींनी कडा चकचकीत झालेल्या.
सूट त्यातून जात नाही.
ज्यानं सूट घडवला त्यानं भोक पाहिलं नसावं,
ज्यानं भोक आखलं त्यानं माणूस.

म्हणून चिल-बोक इथं पट्टे सोडतो,
देवळाबाहेर वहाणा काढाव्यात तसा,
आणि नुसत्या अंगानिशी आत उतरतो,
जिथं धूर आहे, आर्गॉन आहे, ताठ बसायला जागा नाही,
जिथं पेटी पुन्हा बावीस किलोंची होते.

मी भोकापाशी बसते. पगार त्याचाच मिळतो.
नाव तक मल-सून. मल-सून म्हणजे शेवटची,
आता मुली पुरे, अशा अर्थाचं नाव.
आत किती गेले, बाहेर किती आले, पाटीवर लिहायचं,
दर दहा मिनिटांनी हातोडीनं पत्र्यावर तीनदा ठोकायचं.
आतून तीन आले की ठीक.

सूट माझ्या शेजारी उभा असतो, हात किंचित पुढे,
कुणाला कडेवर घेणार होता
आणि कोणाला ते विसरला.
सुरुवातीला मी त्याच्याकडे पाठ करून बसायचे.
आता डबा खाताना मुळ्याची एखादी फोड तिकडेही पुढे करते.

मार्चमध्ये एकदा तीन ठोके गेले आणि आले नाहीत.
पुन्हा ठोकले.
शिटी फुंकली. शेरझोद, ताश्कंदचा पोरगा,
दोर घेऊन धावत आला, मागे मास्कवाले.
दिवसाला नऊ टन वाचवणारा माझा शेजारी
हिरवा दिवा लुकलुकवत उभाच.
तेवढ्यात आतून ठोके आले. पाच. चिडलेले.
बाहेर आल्यावर म्हणाला, पान्हा हातातून निसटला,
फटीत शोधत होतो. पान्ह्याशिवाय ठोकणार कशानं?
त्याचे हात थरथरत होते. माझे जास्त.
मग त्यानं सूट चढवला
आणि चार्जिंगच्या खांबापर्यंतची दोनशे पावलं
रिकाम्या हातांनी चालत गेला.

नऊ टन, हे मला इंजिनिअर मुलीनं सांगितलं,
टॅबलेटवरची हिरवी रेघ दाखवून.
आणि आतलं वजन?
ती चांगली मुलगी आहे. म्हणाली,
आजी, आत सिग्नल पोचत नाही.

काल दुपारी या बाजूला कुणी नव्हतं.
माझा उजवा हात खांद्याच्या वर जाऊन सहा वर्षं झाली,
केस बांधायचे तर मान हातापर्यंत खाली आणावी लागते.
मला परवानगी नाही, तरी
मी त्या सांगाड्यात एक हात घातला. नुसता एक.
शिंक.
हात निघाला. कानाच्या वर,
डोक्याच्या वर, दुखायचं ते ठिकाण
वाटेत आलं आणि मागे पडलं.
वर काही नव्हतं, फळी नाही, बरणी नाही,
क्रेनचा हूक तेवढा, ओझ्याशिवाय हलणारा.
तरी थोडा वेळ तसाच ठेवला.

मग दहा मिनिटं झाली.
हातोडी डाव्या हातात होती.
डाव्यानं ठोकलं.