तीनशे सातचा लाल

द्वारकेच्या चौकातून आत वळलं की जे हॉटेल लागतं,
त्याच्या तिन्ही मजल्यांवरच्या पुठ्ठ्याच्या पाट्या काढल्या,
कडीला अडकवायच्या त्या.
भिकूबाई गांगुर्डेने पोत्यात भरल्या,
म्हणाली, पाणी तापवायला होतील.
आता प्रत्येक दाराशी काचेची चौकट.
लाल म्हणजे त्रास देऊ नका,
हिरवा म्हणजे या, आवरा.
आतून बोट टेकवायचं. बास.

एकोणचाळीस लागल्या बिनबोभाट.
तीनशे सात अडली.

आत कोणी नाही. गादी उघडी, खाचेत कार्ड नाही,
आणि बाहेर लाल.
पूर्ण लालही नव्हे,
उदबत्तीच्या टोकाएवढा.
बटण दाबलं, सोडलं. तेवढाच.
ब्रह्मेचा शेठ खालून ओरडले, पीस खराब असेल, बदल.
बदलला.
नवाही तस्साच मिणमिणायला लागला,
जुन्याने जाता जाता त्याच्या कानात सांगितल्यासारखा.

मग टेस्टर. मग मीटर.
मग स्टुलावर चढून छताची एक फरशी बाजूला,
तोंडावर धूळ, पालीची अंडी, कुणाची तरी बिडी.
न्यूट्रल घट्ट. अर्थिंग आहे.
लाल लागला की बेल मुकी होते, तेही बरोबर.
तरी मीटर बंद तारेत दाखवतो
चाळीस व्होल्ट, कधी पंचेचाळीस.

सोपानला म्हटलं, बघ,
ही तार कुठे सोललेली नाही, कुणाला चिकटलेली नाही.
तीनशे आठच्या गीझरच्या तारेबरोबर
एका पाइपातून वीस मीटर आली, एवढंच.
तिच्यातून वाहतं ते हिच्यात थोडं उतरतं.
सोपान म्हणाला, म्हणजे भूत?
म्हटलं, शेजार.

भिकूबाई केव्हाची उभी, हातावर चादरींची चळत.
लाल दिसला की दार वाजवायचं नाही, पगार कापतात.
"सकाळधरनं तीनदा येऊन गेले मी,
म्हटलं आसंल कोणी निजलेलं.
त्र्यंबकला पितरांचं करून येतात माणसं,
दिवस दिवस दार उघडत नाहीत.
मागं एकीची पाटी दोन दिवस तशीच.
मी आपली पायातल्या चपला काढून जायचे पुढनं.
रडत होती. मग गप झाली.
मग टीव्ही लागला,
तवा कुठं मला घास गेला."

कपॅसिटर लागला एक, करंगळीच्या नखाएवढा.
सोपानने एम. जी. रोडवरून आणला,
अठरा रुपयांचा, गाडी लावायचे वीस.
दिव्याला समांतर जोडला.
कुठून कुठून झिरपलेलं ते गिळून
आता गप बसेल कोपऱ्यात.
लाल विझला. खरोखर विझला.
काळी काच, आणि तिच्यात माझंच धुळकट तोंड.

भिकूबाई आत गेली. दार आपोआप लागलं.
आम्ही पक्कड, पट्टी, तारांचे तुकडे गोळा करतोय
तोच लाल.
पूर्ण. लख्ख.
सोपान म्हणाला, आला परत!
बेल दाबली. मुकी.
चौकटीचे स्क्रू अजून कसले नव्हते,
मागे मीटरचं टोक टेकवलं.
दोनशे बत्तीस.

सोपान दार वाजवायला निघाला होता,
त्याचा हात धरला.
स्टूल भिंतीशी ओढलं, बसलो.
तोही बसला खाली, पोत्याला टेकून,
त्याला काय कळलं कोण जाणे,
मोबाइलचा आवाज त्याने आपणहून बंद केला.

अकरा मिनिटं झाली तेव्हा शेठचा फोन:
झालं का रे तीनशे सातचं?
हळू आवाजात म्हटलं,
टेस्टिंग चालू आहे.