मेर

वेर्ण्याच्या पठारावर, शेड नंबर सतरा.
चक्कीत निकेलची पूड, पोलादी गोळ्या,
वरून द्रव नायट्रोजन,
तापल्या तव्यावर पाणी नाचावं तसा नाचत,
फक्त गोठवत.
आठ तास गोळ्या बडवत राहतात.
कण दिसायला पिठाएवढाच,
आतले दाणे मात्र मोडत मोडत
वीस नॅनोमीटरवर येतात.
‘म्हणजे किती?’ कायतान विचारतो.
वीस सेकंदांत तुझं नख वाढतं, तेवढं.
तो पंजा दिव्याखाली धरतो
आणि खरोखर वाट बघतो.

बारीक दाणा म्हणजे मेरा फार.
मेरा फार म्हणून धातू चिवट,
आणि म्हणूनच अस्वस्थ.
ऊब लागली की मेरा सरकतात.
थोरला दाणा धाकट्याला गिळतो,
आवाज नाही, मोजणीदार नाही, सही नाही,
सकाळी भट्टी उघडावी तर
एवढाल्या वतनदारांचं मऊ निकेल.
‘आमच्या कुठ्ठाळेंतूय अशेंच जालें,’
कायतान म्हणतो, आणि झाकण पुसायला लागतो.

नववा घाणा मीच नापास केला होता.
गॅस्केट चिरलेलं, रात्रभर हवा आत शिरलेली.
कायतानला बोलले. जास्तच बोलले.
तो काही न बोलता जेवायला गेला,
डबा तसाच परत आणला.
नमुना फेकायचा राहिला, एवढंच.
पाचशे अंशांवर, चार तास,
चांगल्या घाण्यांच्या शेजारी तोही तापला.

फोटो तीन आठवड्यांनी आले.
चांगले घाणे सुजलेले, सगळे.
नवव्याचे दाणे नव्वदच्या आत,
आणि मेरांवर बारीक काळे ठिपके:
ऑक्साइड. शिरलेली हवा.
जागजागी मेर धरून बसलेली,
पुढे सरकू न देणारी.
कायतान फोटोवर वाकला.
‘ही घाण?’
हो.
‘म्हजी मावशी पेर्पेत,’ तो म्हणाला,
‘दोन बिल्डिंगांमदीं. घर विकना.’
मग हसला नाही.

परवा नवव्याचीच पूड बंदुकीत भरली.
रासईच्या गोदीतून बार्जचा शाफ्ट आलेला,
खाऱ्या पाण्याने आणि खनिजाने खाल्लेला.
ज्वाळेतून कण सुटले,
क्षणाच्या हजाराव्या भागापुरते मऊ झाले,
आणि भिंतीवर शेणी थापाव्यात तसे
एकावर एक चपटत गेले.
कानांत बोळे असूनही छातीत वाजत होतं.
एवढ्या आगीतून जाऊन
आत कोण टिकलं, ते कळायला
पुन्हा तीन आठवडे.

संध्याकाळी कायतानने वही पुढे केली.
‘नवें गॅस्केट मागोवं?’
मी पेन उघडलं.
कारणाच्या रकान्यात काय लिहायचं,
सुचेना.
तो नखाकडे बघत उभा.
म्हटलं, थांब जरा.