मूळ ठिकाण

झीरो माईलच्या दगडावर कोरलंय
चांदा किती मैल, शिवनी किती.
कोण कशापायी आलं, ते नाही.

म्हणून टिमकीत, सर्वेक्षणाचा फॉर्म घेऊन,
नत्थूजी निखारेंच्या मागापुढं.
पाय खड्ड्यात, चष्म्याला दोरा.
"मूळ? अथीचेच." धोटा दोनदा गेला.
"बुढा मात्र पवनी म्हणे.
वैनगंगेचं पाणी रेशमाले मानवे."

नकाशावर पवनी वीतभरही दूर नाही.
"मग इकडं कोणी आणलं?"
"भोसल्याच्या पागोट्यानं.
राजाचं डोकं जथी, कोष्ट्याचं पोट तथी."

मी नाग नदीची निळी रेघ दाखवली.
त्यांनी कागद उजेडाकडे धरला,
धोतर पारखतात तसा.
"काठ कच्चा आहे, बापा.
पाणी इतलं सरळ नसते."

उठताना दिसला खड्ड्याच्या कडेला
सुतात ओवलेला लाल दगडी मणी.
त्यांच्या बापाला खणताना लागलेला.
कोणाचा?
"आमच्या आधी कोणी बसलं असन अथी."

रकाना दोन बोटं रुंद.
अजून कोरा आहे.
ऑफिसनं फॉर्म मागितलाय,
सोमवारपर्यंत.