फरक स्पष्ट करा

अकरावी कला, तिसरा तास, समाजशास्त्र.
फळ्याच्या मधोमध मी उभी रेघ ओढतो.
देवगडच्या खाऱ्या हवेनं खडू ओलसर,
रेघ मध्येच दोनदा तुटते.
डावीकडे एकविवाह, उजवीकडे बहुविवाह.
मागचे बाक सुकत घातलेल्या बोंबलांसारखे गप्प.

"बरं-वाईट नंतर," मी म्हणतो,
"आधी काय काय असतं ते सांगा."

डावी बाजू पटापट भरते :
प्रेम, विश्वास, कायदा, एकत्र राहणं,
भांडण कमी.
(ह्यावर मुलीच हसतात.)
उजवीकडे : सवत, मत्सर, वाटणी, राजेमहाराजे.
जामसंड्याच्या बागायतदाराचा पोरगा विचारतो,
"म्हणजे सर, एका खुंटावर दोन काड्या?"
वर्ग खिदळतो. मीही.

मग सायमा मुकादम, पहिल्या बाकावरून :
"सर, डावीकडचं 'एकत्र राहणं' पुसाल का?
अब्बा बहरीनला आहेत. सोळा वर्षं.
अम्मीला एकच नवरा,
पण तो वर्षातून सव्वा महिना असतो."

मी पुसलं. तळव्यानंच पुसलं, डस्टर सापडेना.
माझी बायको पोलादपूरला, प्राथमिक शाळेवर;
मी इथं मेसच्या डब्यावर.
बदलीच्या अर्जात आमच्या लग्नाला
'पती-पत्नी एकत्रीकरण' म्हणतात
आणि चार वर्षं आमचं नाव
यादीत खाली खाली सरकतंय.
हे मी सांगितलं नाही.
अभ्यासक्रमात नव्हतं.

तेवढ्यात हर्षाली कुबल उभी राहिली,
मळईची, पहिल्या चाचणीपासून
जिचा आवाज कुणी ऐकला नव्हता.

"सर, माका दोन आजयो.
धाकटी रेशनकार्डार भैन म्हणान आसा.
मोठी जाळी शिवता,
धाकटी टोपली घेवन गावात फिरता.
आजो होतो तवर दोघी बोलत नाय होत्यो.
चुली दोन, हंडे दोन, मधी मातयेची भिंत.
मगे आजो वादळात होडयेसकट गेलो.
बाराव्या दिसा मोठयेन कुदळ घेतल्यान
नि भिंत पाडल्यान.
म्हणाली, आता रुसाचा कोणासाठी?
तेवापासून चूल एकच.
एकीक ताप इलो तर दुसरी जेवना नाय."
थांबली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.
"सर, ह्या खयच्या रकान्यात लिवचा?"

जेटीवरच्या बर्फ कारखान्याचा भोंगा झाला.
कुणी हसलं नाही.
खडू हातात धरून मी
एकदा डावीकडे बघितलं, एकदा उजवीकडे.
बागायतदाराचा पोरगा हळूच म्हणाला, "रेघेवर लिवा, सर."
रेघेवर जागा कुठं असते!
नवरा होता तोवर त्या दोघी
ठळक उजवीकडे होत्या.
तो गेल्यावर जे सुरू झालं
त्याला पुस्तकात शब्द नाही,
निदान पान त्रेचाळीसपर्यंत तरी.
म्हटलं, पुढच्या तासाला बघू.
पुढच्या तासाला नातेसंस्था सुरू झाली.

सहामाहीला प्रश्न आलाच :
फरक स्पष्ट करा. गुण पाच.

हर्षालीचा पेपर मी मुद्दाम शेवटी ठेवला,
चहा करून घेतला, दिवा जवळ ओढला.
तिनं दोन रकाने आखले होते.
डावीकडे पाच मुद्दे, उजवीकडे पाच,
गाइडमधले, शब्दन् शब्द.
आजी कुठंच नव्हती. कुदळ नव्हती.
पाचपैकी पाच द्यावे लागले.

समासात काहीतरी लिहावं म्हणून
लाल पेन बराच वेळ उघडा ठेवला,
शाई वाळेपर्यंत.
पट्टीनं ओढलेली तिची रेघ
वरपासून खालपर्यंत
कुठंही तुटली नव्हती.